उत्तरेची भिंत

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी ओहितोस गावच्या चर्चची उत्तरेची भिंत फुटली, तेव्हा तिबुर्सिओ साइस तिच्यापासून दहा पावलांवर शेगडीसाठी लाकडं फोडत होता. आवाज फारसा झाला नाही. ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसं धप्प झालं आणि दाराएवढी सिमेंटची ढलपी भिंतीवरून सुटून बर्फात उताणी पडली.

कुऱ्हाड ठेवून तो जवळ गेला. आधी त्यानं ढलपीच पाहिली. वीस वर्षांपूर्वी, सहासष्टच्या उन्हाळ्यात, हा गिलावा त्यानंच केला होता. खुराड्याची जाळी ठोकून, वर तीन हात देऊन. ढलपी पडूनही फुटली नव्हती. बोटानं वाजवली तर अजून खणखणत होती. क्षणभर त्याला बरंच वाटलं.

मग त्यानं भिंतीकडे पाहिलं. ढलपीच्या मागे कच्च्या विटा असायला हव्या होत्या. तिथे नुसता काळा, चकचकीत चिखल होता, आणि त्यातून कुजक्या पेंढ्याच्या काड्या डोकावत होत्या. त्यानं हात घातला. हात कोपरापर्यंत गेला.

एल्फेगो आला तेव्हा तो तसाच उभा होता. चर्चच्या किल्ल्या त्या वर्षी एल्फेगोकडे होत्या.

"काय करतोयस?"

"काही नाही."

"काही नाही तर भिंतीत हात कशाला घातलायस?"

तिबुर्सिओनं हात काढला. बाहीवरून चिखल ओघळत होता. एल्फेगोनं भोकात वाकून पाहिलं आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

दुपारपर्यंत सगळं गाव येऊन बघून गेलं. घरं तीसच होती, त्यामुळे वेळ लागला नाही. तिबुर्सिओची बायको सेनाईदा सगळ्यात शेवटी आली, हातातलं पीठ न धुताच.  चिमूटभर चिखल काढून तिनं हुंगला, दोन बोटांत चोळला, आणि मान वर करून छपराच्या पन्हळीकडे पाहिलं. नंतर वाकून भिंतीच्या पायाकडे.

"हे काही या वर्षीच्या बर्फाचं पाणी नाही," ती म्हणाली. "याला डबक्याचा वास येतोय. वर्षानुवर्षं आत कोंडलेलं आहे."

"पन्हळ गळत असेल," तिबुर्सिओ म्हणाला.

"गळतेय ना. आणि खालून जमिनीची ओलही चढतेय. आत यायला दोन वाटा आहेत. बाहेर जायला एकही नाही."

 ती वाट कोणी बंद केली होती ते तिनं सांगितलं नाही, याचाच तिबुर्सिओला जास्त राग आला.

सेनाईदा चौसष्ट वर्षांची होती. सहासष्टपर्यंत दर दुसऱ्या वर्षी जूनमध्ये गावातल्या बायका चर्च मातीनं लिंपायच्या आणि त्यांच्या पुढे आधी तिची आई असायची, मग ती. सिमेंट आलं आणि ते काम संपलं. गावातली घरंही एकेक करून तिबुर्सिओनं सिमेंटची केली. स्वतःच्या घराचा दर्शनी भागही केला. मागची स्वयंपाकघराची भिंत तेवढी बायकोला सोडली होती, तिची हौस म्हणून. ती भिंत ती दर दोन वर्षांनी एकटीच लिंपायची. येणारेजाणारे कधीमधी हसायचे.

मे महिन्यात शहरातून इंजिनिअर आला. स्टॅनर्ड नावाचा, उंच, वाकून बोलणारा माणूस. त्यानं भिंतीला सळई खुपसून पाहिली, फोटो काढले, आणि संध्याकाळी शाळेच्या खोलीत सगळ्यांसमोर उभा राहून टोपी हातात घेऊन बोलला. भिंतीत दम राहिला नाही. आज ना उद्या छप्पर खाली येईल. चर्च पाडावं आणि सिमेंटच्या ठोकळ्यांचं नवं बांधावं. मदत मिळेल.

 म्हाताऱ्या प्लासिदानं डोळ्यांना रुमाल लावला. तिच्या सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे तिथे झाले होते, आणि दोघांना तिथूनच दफनाला नेलं होतं.

सेनाईदा उठली. "भिंत मेली नाहीये," ती म्हणाली. "गुदमरलीये. सिमेंट काढा, सडलेल्या विटा बदला, वरून माती लिंपा. वाळेल."

मागून कोणीतरी हसलं. एल्फेगो म्हणाला, "मावशी, माती पावसात वाहून जाते."

"जाते की. थोडी जाते. जाते म्हणून तर भिंत राहते. गेलेली परत लावायची."

"दर दोन वर्षांनी? कोण लावणार? तू? तुझं वय काय!"

सगळ्यांनी तिबुर्सिओकडे पाहिलं. नवऱ्यानं काहीतरी बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्याचे कान तापले. वीस वर्षांचं काम सगळ्या गावासमोर उघडं पडलं होतं, आणि उघडं पाडणारी त्याच्याच घरातली होती.

"चिखलात खेळायचे दिवस गेले, सेनाईदा," तो म्हणाला. "बस खाली."

लोक हसले. सेनाईदा बसली नाही. तिनं इंजिनिअरकडे तोंड केलं. "मला एक महिना द्या. मी म्हणते म्हणून मानू नका. पाण्याला विचारू."

स्टॅनर्डनं डोकं खाजवलं. जूनच्या पहिल्या रविवारी त्याला तसंही यायचंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात जागा राहिली नाही. सेनाईदानं गावाच्या चार बाजूंची माती पोत्यांतून आणली. कालव्याच्या काठची, टेकडीखालची लाल, जुन्या खाणीची पिवळसर, आणि कुरणातली काळी. प्रत्येक माती आधी चिमूटभर दाताखाली घेऊन चावायची. कचकचली तर रेती जास्त. मग ओली करून तळहातावर चोळायची आणि हात बादलीत बुडवायचा. सहज धुतली गेली तर नुसता गाळ, कामाचा नाही. हाताला चिकटून बसली, खरवडावी लागली, तर चिकणमाती.

"जेवणाआधी दात तरी धू," तिबुर्सिओ म्हणाला.

"तुझं सिमेंट चाखून बघ एकदा. मग बोल."

खिडकीत लोणच्याच्या चार काचेच्या बरण्या आल्या. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. झाकण लावून तिनं त्या दोन्ही हातांनी खळाखळा हलवल्या आणि ठेवून दिल्या. तिबुर्सिओ कॉफी पिता पिता बघत बसला, बघत नसल्यासारखं करत. रेती कपभर कॉफी संपायच्या आत तळाला बसली. गाळ दुपारपर्यंत बसला. त्याच्यावर चिकणमातीचा थर बसायला दोन दिवस लागले, आणि वरचं पाणी काचेसारखं झालं. पट्टे स्वच्छ दिसत होते. कालव्याकाठच्या मातीत गाळच गाळ. खाणीच्या मातीत रेती जास्त. लाल मातीत निम्मी चिकणमाती.

"लालच घेशील मग," तो न राहवून म्हणाला. "चिकट आहे."

"नुसती घेतली तर वाळताना आकसेल. तडे जातील, तुझ्या टाचांसारखे." तिनं चूल पुसता पुसता सांगितलं. "लाल एक भाग, खाणीची दोन. मग पेंढा. बघू."

मग अंगणात फळीवर बिस्किटांसारख्या वड्या वाळत पडल्या. वेगवेगळ्या मापाच्या, प्रत्येकीवर काडीनं खूण. वाळल्यावर तिनं एकेक वडी पाण्याच्या पेल्यात सोडली आणि शेजारी बसून मोजत राहिली. रेतीची वडी पाण्यात पडताच बुडबुडे सोडत ढासळली, पन्नास आकडे व्हायच्या आत. लाल मातीची तडकून पापुद्र्यांनी सुटली. पेंढ्याची, एकास दोनची, कडेनं विरत गेली पण मधे उभी राहिली. तिबुर्सिओ जेवून, झोपून उठला तरी ती उभीच होती.

"अजून आहे?" त्यानं विचारलं.

"अजून आहे."

तो पेल्यापाशी उकिडवा बसला. चाळीस वर्षं गवंडी म्हणून त्यानं माणसांना पाण्यापासून वाचवण्याचं काम केलं होतं. पाणी अडवायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. ही बाई पाण्याला घरात बोलावून, समोर बसवून, त्याच्याशी बोलत होती.

शनिवारी तिनं दोन जुन्या कच्च्या विटा आणल्या, पडक्या गोठ्याच्या, दोन्ही सारख्या. एक त्याच्यासमोर ठेवली.

"हिला सिमेंट लाव. तळ सोडून सगळीकडून, भिंतीसारखं. जाळी ठोकून."

"कशाला? माझं सगळ्यांसमोर हसं करायचंय?"

"हसं कुणाचं करायचंय! दुसरं कुणी लावलं तर लोक म्हणतील, काम वाईट होतं. तुझ्याहून चांगलं या खोऱ्यात कोणी लावतं का?"

 त्यानं सिमेंट लावलं, आणि मनापासून लावलं. कडा सुतात, थापी पाण्यात बुडवून शेवटचा हात असा फिरवला की विटेत आभाळ दिसावं. दुसऱ्या विटेला तिनं माती लिंपली. दोन आठवडे दोन्ही सुकू दिल्या. मग लोकर तोलायच्या काट्यावर तोलल्या. मातीची चौतीस पौंड भरली, सिमेंटची एक्केचाळीस. दोन्ही ओल्या रेतीच्या परातीत उभ्या केल्या आणि रेती दोन दिवस ओली ठेवली. तोलल्या तेव्हा दोघींनी सारखंच पाणी प्यायलं होतं, चार-चार पौंड. मग फळीवर ठेवून पाच दिवस उन्हात.

पाचव्या दिवशी जूनचा पहिला रविवार होता. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, मैदानात झाली, कारण चर्चमध्ये जायची बंदी होती. मिस्सा संपल्यावर सेनाईदानं काटा झाडाला टांगला. एल्फेगोला वजन वाचायला लावलं, म्हणजे मागून बोलायला जागा नको.

"मातीची... चौतीस."

"आधी किती होती?"

"चौतीस."

"आता ती सिमेंटची."

एल्फेगोनं डोळे बारीक केले. "चव्वेचाळीस. वर थोडं."

"पाच दिवस उन्हात होती. एक्केचाळीसला यायला हवी होती." सेनाईदानं हातोडा पुढे केला. तिबुर्सिओपुढे. "मी नाही फोडणार. तुझं काम आहे. तूच उघड."

त्याच्या मनात आलं, निघून जावं. गाडी तिथेच होती. सगळे त्याच्याकडे बघत होते, इंजिनिअरसुद्धा. त्यानं हातोडा घेतला. पहिल्या घावात काही झालं नाही. सिमेंट चांगलं होतं. तिसऱ्या घावाला तुकडा उडाला. जाळी कापून त्यानं तो ओढून काढला आणि आतल्या विटेवर अंगठा टेकवला. अंगठा लोण्यात जावा तसा आत गेला.

त्यानं तो लगेच काढला नाही.

"हे माझं काम," तो म्हणाला.  "चांगलं होतं. चांगलं होतं म्हणूनच पाणी आत राहिलं. भिंतीचंही असंच झालंय."

स्टॅनर्ड गुडघ्यावर बसला आणि त्यानंही आपला अंगठा दाबला. मातीच्या विटेवर दाबला, तिथे नखाचीही खूण उठेना. बराच वेळ तो दोन्ही विटांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग म्हणाला, छपराला आधी टेकू द्या. मी दहा ऑगस्टला येतो, सान लोरेन्सोच्या सणाला. तोवर भिंत वाळली असेल तर पाडायचा कागद मी फाडतो.

पाऊस जुलैत येतो. हातात चारच आठवडे होते.

छपराखाली लाकडी ओंडक्यांचे टेकू लागले, छपरावरची गळकी पन्हळ बदलली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिबुर्सिओ छिन्नी-हातोडा घेऊन आपलाच गिलावा सोलू लागला. त्यानं तो दुसऱ्या कोणाला सोलू दिला नाही. जाळीचा प्रत्येक खिळा त्याच्या हातचा होता. कुठला कुठे आहे ते बोटांना आठवत होतं. आठ दिवसांत उजवा खांदा सुजला. संध्याकाळी सेनाईदा त्याला मेंढीची चरबी चोळायची.  पण सभेत म्हटलेलं ते वाक्य अजून दोघांच्या मधे बसलेलं होतं.

सडलेल्या विटा हातहाताच्या टप्प्यानं काढायच्या, तिथे नव्या बसवायच्या, मग पुढचा टप्पा. गावातल्या पुरुषांनी साच्यातून नव्या विटा पाडल्या. एल्फेगोनं घोडा आणला आणि लाल माती, खाणीची माती, पेंढा आणि पाणी खड्ड्यात तुडवायला लावलं. लिंपायला बायका आल्या, प्लासिदासुद्धा काठी टेकत आली आणि खुर्चीत बसून हात पोचेल तेवढी भिंत तिनं लिंपली. ज्या मुलींनी कधी माती हातात धरली नव्हती त्यांचे नखरंग लावलेले हात कोपरापर्यंत तांबडे झाले. बायकांचं हसणं आणि एकमेकींच्या सासवांचा उद्धार खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायचा.

गिलावा सोलून झाल्यावर तिबुर्सिओला काम उरलं नाही. सेनाईदानं त्याला माती कालवायला बसवलं. त्यानं घमेलं भरून नेलं. तिनं मुठीत घेतलं, दाबलं, वळी करून बोटावरून लोंबती सोडली. वळी वीतभर होण्याआधीच तुटली.

"परत ने."

"का?"

"रेती जास्त झालीये. पाऊस आला की तुझ्या पायावर येईल."

दुसरं घमेलंही परत आलं. या वेळी पाणी जास्त होतं. "हे काय, लापशी केलीयेस? जेवायला वाढू का?" शिडीवरच्या मुली खिदळल्या. तिबुर्सिओनं घमेलं उचललं. चाळीस वर्षांत त्याचं कालवलेलं कोणी परत पाठवलं नव्हतं. रागानं तो खड्ड्यापाशी गेला, आणि तिथे उभा राहून त्यानं पहिल्यांदाच, खरोखर, मातीत बोटं घातली. दाबली. वळी केली. तुटली. पेंढा घातला, थोडी लाल घातली, थांबला. मिश्रणाला पाणी पिऊ दिलं. पुन्हा वळी केली. ती बोटावरून वीतभर लोंबली आणि तुटली नाही.

तिसरं घमेलं नेलं तेव्हा सेनाईदानं त्यातून मूठ भरून घेतली आणि भिंतीवर थापली.

काम जूनच्या अठ्ठाविसाव्या तारखेला संपलं. मेंढीचं कातडं ओलं करून तिनं शेवटचा हात फिरवला आणि भिंत गायीच्या पाठीसारखी गुळगुळीत झाली. तिसाव्या तारखेला, भर दुपारी, पश्चिमेच्या डोंगरावर ढग उभे राहिले. वेळेच्या आधीच.

सगळे शाळेच्या ओसरीत गोळा झाले. आधी गारा आल्या, मग पाऊस, तिरका, थेट उत्तरेच्या भिंतीवर. पाणी खालपर्यंत तांबडं होऊन वाहू लागलं. "गेली," एल्फेगो पुटपुटला. "सगळी गेली."  सेनाईदा ओसरीच्या कडेला उभी होती, अंगावर शिंतोडे घेत. तिबुर्सिओ भिंतीकडे बघतच नव्हता; तिच्या हातांकडे बघत होता. ते घट्ट मिटलेले होते. महिनाभरात पहिल्यांदा त्याला कळलं की तिलाही भीती वाटते. वड्या, बरण्या, काटा सगळं झालं होतं, पण एवढ्या मोठ्या भिंतीला एवढ्या पावसात कधीच विचारलेलं नव्हतं.

तासाभरानं पाऊस थांबला. कोणी पुढे होईना. तिबुर्सिओ चिखलातून भिंतीपाशी गेला, वरपासून खालपर्यंत पाहत, हात लावत. रंग गडद झाला होता. वरची पातळ साल धुऊन गेली होती आणि पेंढ्याच्या काड्या उघड्या पडून चमकत होत्या. त्यानं अंगठा दाबला. अगदी वरची साल दबली. आत भिंत घट्ट होती.

"उभी आहे," तो ओरडला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत फिक्या तांबूस रंगाची झाली, आधी वरून, मग हळूहळू खालपर्यंत, ओल निघून जाताना डोळ्यांना दिसावी अशी. दहा ऑगस्टला स्टॅनर्डनं तीन ठिकाणी सळई घातली. तीनही वेळा ती कोरडी आली. कागद त्यानं सगळ्यांसमोर फाडला आणि तुकडे खिशात ठेवले, आणि सेनाईदाला विचारलं की आठवड्यातून एक दिवस शहरात येऊन ती तिथल्या पोरांना माती ओळखायला शिकवेल का. ती म्हणाली, पोरांनीच इथे यावं. माती तर इथे आहे.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिबुर्सिओ चर्चपाशी एकटाच आला होता. पन्हळीखाली पावसानं बोटभर खोल चर पाडला होता. त्यानं घमेल्यात माती कालवून आणली होती, वळी करून तपासलेली. सेनाईदा मागून कधी आली ते त्याला कळलं नाही.

"हे बायकांचं काम आहे," ती म्हणाली. "लोक हसतील."

"हसू देत." तो वळला नाही. "त्या दिवशी शाळेत मी जे बोललो... ते बरोबर नव्हतं. सगळ्यांसमोर बोललो, तेही नव्हतं."

 सेनाईदानं त्याच्या हातातली माती काढून घमेल्यात परत टाकली.

"आधी पाणी. कोरड्या भिंतीला ओली माती लावलीस तर भिंत तिचं पाणी ओढून घेते, आणि माती सुटून पडते. आधी तिला पाज."

त्यानं ओंजळीत पाणी घेऊन चरावर शिंपडलं. भिंतीनं ते लगेच पिऊन टाकलं. पुन्हा शिंपडलं. तेही गेलं. तिसऱ्या वेळी डाग थोडा वेळ ओला राहिला. तिबुर्सिओनं माती उचलली आणि बायकोकडे पाहिलं.

"आता?"

"थांब."

डाग गडद झाला, कडेनं पसरला, चमक हळूहळू आत शिरली. तो माती हातात धरून उभा राहिला.

"आता?"

सेनाईदानं तळहात भिंतीला टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"आता," ती म्हणाली.